आत्वानचे बारा साचे

माझ्या धाकट्या सुनेला कुणी विचारलं की बाई, तू काम काय करतेस, तर ती आधी एक उसासा सोडते आणि मग माझ्याकडे बोट दाखवते. "बाबांना विचारा. मला सांगत बसायचा कंटाळा आलाय." म्हणून मी सांगतो. मला कशाचाच कंटाळा येत नाही, सांगायचा तर नाहीच नाही.

आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक लाकडी साचा टांगलेला आहे, माझ्या आईचा. त्यात कासव कोरलंय. सणाला तांदळाच्या लाल पिठाचा गोळा घ्यायचा, आत मुगाचं सारण भरायचं, साच्यात दाबायचा आणि उलटा आपटायचा, की कासव बाहेर. आई दाबो नाही तर शेजारची अर्धी आंधळी म्हातारी दाबो, कासव तेच. आत्वान असलेच साचे करते, फक्त फोनवरचे. मासिकाच्या कचेरीतल्या कुणीही त्यात फोटो घालावा, दोन ओळी घालाव्या, आणि जे चित्र बाहेर पडेल ते पाहून लोकांना लांबूनच कळावं, हे 'नवी फांदी'चं, दुसऱ्या कुणाचं नाही. त्या लोकांत याला टेम्प्लेट म्हणतात. मी साचाच म्हणतो.

पीठ जास्त झालं की ते साच्याच्या कडेनं वर येतं. आई ते सुरीनं कापून टाकायची. कचेरीत मात्र पीठ जास्त झालं की साचाच मोठा करा म्हणतात. आत्वानच्या सगळ्या वैतागाचं मूळ एवढंच.

तिचं पुरतं नाव ग्वेत्वान. तिच्या बापाचं कापडाचं दुकान होतं, म्हणून पोरीच्या नावात रेशीम. घरात आम्ही आत्वान म्हणतो. शेहेचाळीस वर्षांची आहे. त्यातली बावीस वर्षं तिनं तैपेईत एका बायकांच्या मासिकात पानं रचण्यात घालवली. तिला रिकामी जागा फार आवडते. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं जेवणाच्या टेबलावर वाडगे असे मांडले की मधोमध हातभर जागा मोकळी. मी कौतुकानं तळलेला अख्खा मासा उचलून त्या जागेत ठेवला. तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या पायावर पाय दिला.

"बाबा, ती जागा वाया गेलेली नव्हती. ती श्वास घ्यायला होती."

"पोरी," मी म्हटलं, "मी सदतीस वर्षं कालव्याच्या दारावर नोकरी केली. कालव्यात रिकामी जागा दिसली की लोक फावडी घेऊन यायचे." तेव्हापासून आमचं जमलं. घरात माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारं माणूस ते एकच. बाकीचे मधेच उठून भांडी घासायला जातात, आणि आमच्या घरात एरवी भांडी घासायला कुणी उठत नाही.

तर तैपेईचं ते मासिक बंद पडलं. माझ्या मुलाचं इथं दक्षिणेत, मादौला, स्कूटर दुरुस्तीचं दुकान. बावीस वर्षं त्यानं बायको पाहिली ती शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारपर्यंत. आता ती कायमची घरी आली, आणि नशिबानं गावातच काम निघालं. 'नवी फांदी' हे फळबागवाल्यांचं मासिक. कचेरी बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. मालक खू यांनी सांगितलं, नव्या वर्षाच्या दिव्यांच्या सणापासून ते पूर्वजांची थडगी झाडायच्या दिवसापर्यंत दोन महिने कच्ची नोकरी. बारा साचे करून दे. पटले तर कायम. नाही पटले तर तैपेईत एका जाहिरातवाल्याकडे तिची जागा राखून ठेवलेली होती. म्हणजे पुन्हा शनिवार. त्या आठवड्यात मुलानं तिच्यासाठी दारामागे छत्री अडकवायला खिळा ठोकला. पाहुण्यासाठी कुणी खिळा ठोकत नाही.

पहिले तीन साचे तिनं आठ दिवसांत केले. मला दाखवले. फिकट पिवळा रंग, पपनसाच्या आतल्या गरासारखा. त्यावर एकच फळ. खाली दोन ओळी. आणि उजव्या कोपऱ्यात मासिकाचं नाव, गडद हिरव्यात, नखाएवढं. मला काही कळलं नाही, पण पाहून तहान भागल्यासारखं वाटलं. सोबत वापराच्या नियमांची अठरा पानी पुस्तिका. फोटो ताणू नये. रंग बदलू नयेत. चौकोनात चाळीस अक्षरांपेक्षा जास्त घालू नयेत.

खू मालकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाला लावला.

"नाव एवढंसं का?"

"मालक, फोनवर नीट वाचता येतं. कोपऱ्यात आहे म्हणून डोळा आधी फळाकडे जातो, आणि मग—"

"कोपऱ्यात," मालक म्हणाले. "ही अक्षरं माझ्या वडिलांच्या हातची आहेत. पहिल्या अंकाच्या वेळी कुंचल्यानं काढलेली. वडिलांना तू कोपऱ्यात उभं करतेस?"

आता याला काय उत्तर द्यायचं? घरी येऊन आत्वाननं तेच विचारलं. "बाबा, सांगा, काय बोलायचं होतं मी?" मी म्हटलं, काही नाही. बाप मधे आला की बोलणं संपतं. तिनं नाव दुप्पट केलं. मालक म्हणाले, वडील तसे धिप्पाड होते. तिनं तिप्पट केलं. मालक म्हणाले, आणि हिरवं कसं? शाई काळी होती.

हे एक झालं. दुसरं म्हणजे संपादिका फान बाई. बाई स्वभावानं गोड, पण त्यांना गाळणं माहीत नाही. चाळीस अक्षरांच्या चौकोनात त्यांनी दोनशे बारा घातली. अक्षरं मुंग्यांएवढी झाली, तर म्हणाल्या, "आत्वान, तुझा चौकोन लहान पडतोय गं."

"फानताई, चौकोन चाळीसचा आहे. पुस्तिकेत पान सहावर—"

"मग बागवाल्याला काय, अर्धीच फवारणी सांगू? उरलेल्या अर्ध्या किडीनं कुठं जायचं?"

आणि ती पदं! आमच्याकडे नुसतं नाव कुणाला नसतंच. पपनस उत्पादक गटाचे माजी उपाध्यक्ष, देवळाच्या समितीचे सल्लागार, शाळेच्या पालकसंघाचे मानद अमुक. एक पद गाळलं तर माणूस मासिक बंद करतो, आणि त्याच्या मागोमाग त्याचे चार मेव्हणे. आत्वाननं नावासाठी तीन अक्षरांची जागा ठेवलेली. फान बाईंनी त्यात तीन ओळींची पदं कोंबली. ती खालच्या फळावर सांडली. पेरूच्या अंगावर 'सल्लागार' असं आलं.

मग मालकांना जुन्या पंचांगाची तिथी हवी झाली. मग 'आज काय करावं, काय टाळावं' हेही हवं झालं. मग कचेरीचा फॅक्स नंबर.

"मालक, फोनवरचं चित्र बघून फॅक्स कोण करेल?"

"आजवर कुणी केला नाही," मालक म्हणाले, "कारण नंबर दिलेला नव्हता."

ती अठरा पानी पुस्तिका कुठं गेली म्हणाल, तर फान बाई तिच्यावर चहाची गरम किटली ठेवायच्या. मुखपृष्ठावर गोल डाग पडला. त्या म्हणाल्या, "बघ, आता कशी छान दिसतेय."

शिवाय मंजुरी द्यायची तर दिवस चांगला हवा. मालकांच्या टेबलामागं पंचांग टांगलेलं. आत्वान साचा घेऊन गेली की ते मान वळवून बघायचे. "आज नवं सुरू करू नये असं आहे." दुसऱ्या दिवशी, "आज फक्त विहीर बुजवायला चांगलं आहे." तिसऱ्या दिवशी मालकच देवळाच्या कामाला. अशानं सहा आठवडे गेले. अकरा साचे परत आले, एकही पास नाही. आत्वान घरी येऊन भात कालवायची आणि न खाताच बघत बसायची. आमच्या हिनं एकदा मधोमध माशाचा वाडगा ठेवला, तरी तिनं तो सरकवला नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

"बाबा," ती म्हणाली, "आता बारावा राहिलाय. 'जुने हात' म्हणून नवं सदर आहे, म्हाताऱ्या बागवाल्यांचं. यात मी भांडणार नाही. मालकांना अक्षरं मोठी हवीत ना? देते मोठी. काळी हवीत ना? देते काळी. फक्त माणसाचा फोटो माझ्या मनासारखा घालू देत. तेवढं एक."

फोटो होता ह्वेदादांचा. ह्वेदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, एक्याऐंशीचे. आमच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला त्यांची पपनसाची बाग. पाणी पोचायला तिथं सगळ्यात उशीर, म्हणून त्यांच्या मला शिव्याही सगळ्यात जुन्या. बाग फुलली होती. आत्वाननं त्यांना झाडाखाली उभं करून फोटो काढला आणि त्यातला रंग काढून टाकला. राखाडी चेहरा, एकेक सुरकुती मोजता यावी अशी. मागं सगळी पांढरी फुलं. भोवती पांढरी मोकळी जागा. आणि मधे उभ्या ओळीत नाव. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. या माणसाला सत्तर वर्षं ओळखतो, पण तो इतका देखणा आहे हे मला माहीत नव्हतं.

वर मालकांच्या वडिलांची अक्षरं, काळी, मोठी.

मालकांनी देवळाच्या अंगणात उभ्या उभ्या फोन पाहिला. नजर अक्षरांवर गेली, तिथंच थांबली. "आत्ता कशी शोभतात!" पंचांगही अनुकूल निघालं. पास. आणि फान बाईंनी काय करावं? इतके दिवस आत्वान कानीकपाळी ओरडत होती म्हणून त्यांना अचानक तिची दया आली. त्यांचं वाक्य होतं की १९६१ ते २०२३ अशी बासष्ट वर्षं ह्वेदादांनी एकाही हंगामात बाग पडीक टाकली नाही. ते चाळिसात बसेना. बाईंनी पदं गाळली, हंगाम गाळला, बाग गाळली. उरलं नाव, गाव आणि १९६१–२०२३.

म्हणजे बघा, मालकांचं मन राखलं गेलं, बाईंनी नियम पाळला, सूनबाईंना फोटो मिळाला. जन्मात पहिल्यांदा त्या कचेरीत कुणाचं काही चुकलं नाही. आणि चित्र सकाळी सहाला सगळ्या फोनवर गेलं, थडगी झाडायच्या दिवसाला आठवडा राहिला असताना.

मी देवळापुढच्या वडाखाली चहा घेत होतो. चित्र आलं. काळी मोठी अक्षरं, राखाडी चेहरा, पांढरी फुलं, दोन सालं. हेच चित्र मी घरी पाहिलं होतं हे खरं, पण तेव्हा त्यावर सालं नव्हती. आणि मला वाटलं, अरेरे, फोटो काढला आणि माणूस गेला, बरं झालं निदान काढला तरी. मी खाली लिहिलं, 'ह्वेदादा, वाट सुखाची होवो,' आणि कमळाचं एक चित्र जोडून कालव्याच्या निवृत्तांना पाठवलं, देवळाच्या गटाला पाठवलं, माझ्या तिन्ही मेहुण्यांना पाठवलं. त्यांनी पुढं पाठवलं. आधी विचारायला नको होतं का, असं आता सगळे मला विचारतात. पण कुणाच्या घरी फोन करून 'काय हो, गेले का?' असं विचारायचं कुणी? तसलं तोंडातून काढायचं नसतं. मादौत त्या दिवशी कुणीच काढलं नाही. सगळ्यांनी सभ्यपणानं मान्य केलं.

पुढचं मला ह्वेदादांनी स्वतः सांगितलं.

ते पहाटेपासून बागेत. फोन घरात चार्जिंगला. बायको बाजारात. काओश्युंगला दिलेली त्यांची मुलगी फोन लावून लावून थकली, मग गाडीत बसून आली. लग्न झालेल्या मुलीनं बाप गेल्यावर गल्लीच्या तोंडापासून रडत, गुडघ्यांवर यायचं असतं. ती बिचारी बँकेच्या गणवेशात, गुडघ्यांवर, "बाबाऽऽ, थांबायचं होतंत हो थोडं" असा टाहो फोडत निघाली. अर्धी गल्ली बाहेर आली. शेजारणी डोळे पुसायला लागल्या. ह्वेदादा बागेतून येत होते, पाठीवर फवारणीचा पंप. ते तिच्या मागोमाग चालू लागले. त्यांना वाटलं, शेजारचं कुणी गेलं. ते शेजारणीला हळूच म्हणाले, "कोण गं गेलं?"

शेजारीण मागं वळली आणि तिथंच खाली बसली.

मुलगी वळली. बापाला पाहिलं. आधी किंचाळली, मग गळ्यात पडली, मग उठून बापालाच ओरडायला लागली की फोन जवळ ठेवायला काय होतं तुम्हाला, माझे मोजे फाटले!

दुपारपर्यंत दाराशी डबाबंद रसाचे दोन मनोरे येऊन उभे राहिले, कमळाच्या आकारात रचलेले, माणूस गेलेल्या घरी पाठवतात तसे. एक खतवाल्याकडून, एक देवळाच्या समितीकडून. समितीत मीही आहे, माझाही त्यात वाटा होता.

खू मालकांचा आत्वानला फोन आला. मी शेजारीच होतो. आवाज इतका मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती. "माझ्या वडिलांच्या अक्षरांखाली तू जिवंत माणूस मारलास! आधी जाऊन माफी माग. मग कचेरीची किल्ली आणून दे."

आत्वान जिन्याच्या पायरीवर बसली. रडली नाही. तिला राग आला होता, आणि कुणावर ते ठरवता येत नव्हतं. "मालकांनी अक्षरं मोठी करायला लावली. फानताईंनी वाक्य कापलं. आणि बाबा, तुम्ही! कमळ! तुम्ही त्याला कमळ जोडलंत!"

"मी कमळ सगळ्यालाच जोडतो," मी म्हटलं. खरंच होतं ते.

"मी केलेलं चित्र होतं ते. मीच आधी बघायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली. "तैपेईत असलं चित्र केलं असतं तर लोक म्हणाले असते, काय सुरेख. मी विसरले, इथं ते कुठल्या भिंतीवर लावतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. आमच्या हिनं डुकराच्या पायांचं कालवण आणि बारीक लांब शेवया केल्या होत्या, दुसऱ्याला अपशकुन केला की नेतात तसं. मी लाल कापड आणि फटाक्यांची माळ घेतली. आत्वाननं शिडीवर चढून ह्वेदादांच्या दारावर लाल कापड बांधलं. वाकडं झालं, तिनं सोडून पुन्हा सरळ बांधलं. खालून ह्वेदादा बघत होते.

"तिसऱ्यांदा बांधलंस तरी मी जिवंतच राहणारेय," ते म्हणाले. "ये खाली."

आत्वान वाकली, अगदी कमरेत. "ह्वेकाका, चूक माझी आहे."

"हो, आहेच. कालपासून सतरा लोकांना मी जिवंत असल्याचं पटवून देतोय. एकानं तर मला हात लावून बघितलं. बायको म्हणते, तुम्ही खरंच आडवे झाला असतात तर आलेल्यांना चहा देऊन माझे पाय एवढे दुखले नसते." त्यांनी शेवया ओढायला सुरुवात केली, न तोडता, एकेक लांबच्या लांब. मग माझ्याकडे पाहिलं. "आणि तू रे. सदतीस वर्षांत मला वेळेवर पाणी सोडलं नाहीस, आणि निरोप सोडायला बरा सकाळी सहाला उठलास."

मी मान खाली घातली. त्यांनी हात मागं करून मनोऱ्यातून शतावरीच्या रसाचे तीन डबे काढले आणि आम्हाला एकेक दिला. "प्या. माझ्याच मयताचा आहे. ऊन पडायच्या आत संपवायचाय."

डबा पिऊन झाल्यावर ते आत्वानला म्हणाले, "आता माझं काम कर. मी आहे असं सगळ्यांना कळव. आत्ता, इथं बसून."

आत्वाननं फोन काढला. तिनं काहीतरी फिकट, छोटं केलं. ह्वेदादा म्हणाले, "हे माझ्या बायकोला दिसतंय का बघ." काकू लांब उभ्या होत्या. म्हणाल्या, "कुठाय?"

"अक्षरं मोठी कर," ह्वेदादा म्हणाले. "लाल. कडेनं पिवळी. मागं सूर्य उगवू दे."

"आणि खाली कमळ," मी म्हटलं.

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

पण तिनं केलं. बावीस वर्षांची तपश्चर्या तिथं अंगणात, रसाच्या डब्यांत बसून तिनं मोडली. सूर्य घातला, इंद्रधनुष्य घातलं, दात दाखवणारे ह्वेदादा घातले, हातात पंप. त्यावर लाल-पिवळ्या अक्षरांत: 'सुप्रभात! मी आहे. बाग फुलली आहे. शरदात पपनस न्यायला या.' प्रत्येक गोष्ट घालताना ती दातांतल्या दातांत काहीतरी पुटपुटत होती. मी फक्त एवढं पाहिलं की त्या सगळ्या बाजारातही तिनं अक्षरांच्या चारी बाजूंनी सारखी जागा सोडली होती. सवय जात नाही.

दुपारपर्यंत ते चित्र मला नऊ जणांकडून परत आलं. त्यातल्या चौघांनी आणखी कमळं जोडली होती.

आम्ही निघालो तेव्हा ह्वेदादांनी आत्वानला फाटकाशी थांबवलं. आवाज उतरला होता. "ती कालची राखाडी तसबीर. तिची मोठी प्रत काढून देशील? चौकटीत."

"काका?"

"दहा वर्षांपूर्वी मी गावातल्या स्टुडिओत एक काढून ठेवली, वेळेला असावी म्हणून. त्यात मी बाजारातल्या माशासारखा दिसतो. मुलीनं काल ही पाहिली. ओरडून झाल्यावर म्हणाली, बाबा, हीच ठेवू या." त्यांनी फाटकाची कडी चाचपली. "फक्त ती सालं काढ. सालं घालायची तेव्हा घालतील."

घरी येईपर्यंत स्कूटरवर मागं बसून आत्वाननं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

त्या आठवड्यात आमच्या दाराला उसंत नव्हती. चौकट ह्वेदादांच्या घरी लागली आणि जो तो म्हातारा बघून यायचा तो थेट आमच्याकडे. देवळाचे सल्लागार आले, मानद अमुक आले. आत्वान एकेकाला अंगणात उभं करायची आणि म्हणायची, "हसू नका, काका. हनुवटी खाली. नाही, पदं लिहायची नाहीत." आश्चर्य म्हणजे तिथं कुणीच पदाचा आग्रह धरला नाही. मी तिला तैपेईला जायची बॅग भरताना पाहिलं होतं; ती अर्धीच भरून पलंगाखाली सरकवलेली होती. किल्ली मात्र तिनं लाल पाकिटात घालून तयार ठेवली होती.

थडगी झाडायच्या आदल्या दिवशी खू मालक आले. नवा सदरा, केसांना पाणी लावून चापून बसवलेले. आत्वाननं पाकीट पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही. ते अंगण बघत होते. प्रकाश कुठून येतो ते बघत होते.

"कुठं उभं राहायचं असतं?" त्यांनी विचारलं.

आत्वाननं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग भिंतीकडे बोट दाखवलं. मालक उभे राहिले, हात कुठं ठेवावे ते न कळून. एक फोटो झाला, दुसरा झाला.

"त्यात," मालक म्हणाले, "वडिलांची अक्षरं घालता येतील? शेजारी असावेत असं वाटतं."

"येतील."

"कोपऱ्यात चालतील. छोटी."

आत्वाननं फोन खाली केला. दोन महिने जे वाक्य ऐकायला तिचा जीव गेला होता ते असं, भिंतीपाशी, केस ओले करून आलं.

मालक फाटकाकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "सुट्टी संपली की नऊला ये. येताना तुझ्या नावाचा शिक्का घेऊन ये, कायम नोकरीच्या कागदावर सहीच्या जागी उठवावा लागेल. आणि ती पुस्तिका एक आणखी छापून आण. फान बाईंच्या किटलीला ती हवीच आहे, पण एक मला वाचायला."

माझ्या मुलानं दुकानातून हात पुसत येऊन विचारलं, काय म्हणाले? आत्वान तोंड उघडणार, तेवढ्यात मालक फाटकातून परत आले. चष्मा कपाळावर होता.

"अगदीच छोटी नको हं," ते म्हणाले. "ते तसे धिप्पाड होते."